फटफट्या मोजल्या, पऱ्हाटी कोण मोजणार?

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास दोन बातम्या एकापाठोपाठ आल्या. एक बातमी वाहन विक्रेत्यांच्या देशव्यापी महासंघाची, म्हणजे 'फाडा'ची. नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून मोजलेल्या ४२ दिवसांत देशात सुमारे ५२ लाख गाड्या खपल्या, आदल्या वर्षीच्या सणापेक्षा २१ टक्के जास्त. आणि या वेळी वाढीचा जोर शहरापेक्षा खेड्यात अधिक आहे, असेही महासंघाने सांगितले. दुसरी बातमी आपल्या नागपूरची. २८ ऑक्टोबरला बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वर्धा रोडवर उतरले आणि हैदराबादकडे जाणारा महामार्ग अडला. मागणी कर्जमाफीची. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. ३० ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे आश्वासन दिले.

या दोन बातम्या शेजारी ठेवून शहरातला शहाणा माणूस लगेच विचारतो, "खेड्यात गाड्या खपतात, मग कर्जमाफी कशाला?" हा प्रश्न आपल्याला नवा नाही. "दारात फटफटी, खिशात मोबाईल, आणि म्हणे कर्जबाजारी!" हे वाक्य बँकेच्या दारात, तहसील कचेरीत, अगदी सोयऱ्याच्या मांडवातही आपण ऐकले आहे. आपण मान खाली घालतो, नाहीतर चिडतो. दोन्हींनी काम भागत नाही. गाड्यांचा आकडा कोण मोजतो, त्यात काय येते आणि काय येत नाही, हे नीट समजून घेतले तरच या वाक्याला उत्तर देता येईल. ते या लेखात देऊ.

गाडीवरून नाडी

आधी हे मान्य करू की गाड्यांच्या खपावरून देशाची आर्थिक नाडी पाहण्याची रीत मुळात खोटी नाही. घरात मीठ, तेल, साखर लागतेच. हातात पैसा असो नसो, ती घ्यावीच लागते. गाडीचे तसे नाही. ती मोठी खरेदी आहे, पुढे ढकलता येते, आणि बहुतेक वेळा कर्ज काढून होते. पुढची दोन-तीन वर्षे बरी जातील असा भरवसा वाटला तरच कुटुंब गाडी घेते. म्हणून वाईट दिवस येणार असले की गाड्यांचा खप आधी पडतो आणि दिवस पालटले की आधी उठतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हिशेबात तर लोकांच्या खर्चात 'मोटारगाड्या व सुटे भाग' असे वेगळे कलमच असते. तिथे २००७ साली सुमारे १ कोटी ६१ लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. बँका कोसळल्यानंतर २००९ साली हा आकडा १ कोटी ४ लाखांवर आला. मंदी किती खोल आहे हे त्या एका आकड्याने सांगितले.

आपल्याकडे दोन आकडे निघतात. एक वाहन कारखानदारांच्या संघटनेचा, म्हणजे 'सियाम'चा. कारखान्यातून दुकानदाराकडे गाडी रवाना झाली की ती या आकड्यात 'विकली गेली', मग ती दुकानदाराच्या आवारात धूळ खात का पडेना. दुसरा 'फाडा'चा. तो आरटीओकडे झालेल्या नोंदणीवरून, म्हणजे सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून काढतात. गिऱ्हाईकाने खरोखर नेलेली गाडी यात मोजली जाते. खेड्यातली मागणी कशी आहे हे पाहायला रिझर्व्ह बँकसुद्धा दुचाकी आणि ट्रॅक्टरच्या खपाकडे पाहते.

हा आकडा कधी कधी आपल्या बाजूने साक्षही देतो. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी आली. आपल्याकडे तो कापूस वेचणीचा आणि विक्रीचा भर. व्यापाऱ्याकडे नोटा नाहीत, चुकारा अडला, मजुराला द्यायला पैसा नाही. त्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबरमध्ये, दुचाकींचा खप आदल्या वर्षीपेक्षा २२ टक्क्यांनी पडला. मोटारींचा खप किती पडला? दीड टक्कासुद्धा नाही. ज्यांचा व्यवहार रोखीचा त्यांना घाव बसला, ज्यांचा धनादेशाचा ते सावरून गेले. सरकार काही म्हणो, गाड्यांनी खरे सांगितले होते.

तेव्हा आकड्यावर आमचा राग नाही. तो कुठून घेतला आणि त्यावरून काय ठरवले, यावर आहे.

नमुना कुठला घेतला?

आमचे शिक्षण शेतकी कॉलेजातले. मातीचा नमुना कसा घ्यायचा हा तिथला पहिल्या वर्षाचा धडा. बांधाच्या कडेचा घेऊ नये, झाडाखालचा घेऊ नये, शेणखताचा ढीग असतो तिथला तर मुळीच घेऊ नये. वावरात आठ-दहा ठिकाणी फिरून माती घ्यावी, मिसळावी, मग तपासावी. उकिरड्याजवळची माती प्रयोगशाळेत नेली तर अहवाल येईल, "जमीन सुपीक आहे, खताची गरज नाही." अहवाल खोटा नसेल, नमुना खोटा असेल.

गाड्यांचेही तेच. 'वाहनांचा खप वाढला' अशी बातमी आली की पहिला प्रश्न विचारा, कोणती वाहने? २०१८-१९ मध्ये देशात सुमारे ३४ लाख मोटारी आणि जीपगाड्या खपल्या, तर दुचाक्या २ कोटी १२ लाख. २०२१-२२ मध्ये दुचाक्या १ कोटी ३५ लाखांवर घसरल्या. त्यानंतर दोन्ही उठल्या, पण सारख्या नाही. २०२४-२५ मध्ये मोटारी ४३ लाखांवर पोचल्या, म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या सव्वापटीहून जास्त. दुचाक्या त्या वर्षी १ कोटी ९६ लाख, म्हणजे सहा वर्षांनंतरही जुन्या आकड्याच्या खाली. या मधल्या काळात, २०२२ साली, जपानला मागे टाकून भारत जगातली तिसऱ्या क्रमांकाची वाहन बाजारपेठ झाल्याचा गजर झाला. गजर खरा होता. फक्त चार चाकांचा देश पुढे गेला होता आणि दोन चाकांचा देश अजून जुनी उंची गाठायला धडपडत होता, हे त्या गजरात ऐकू आले नाही. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाण्याची वावरे कापत मुंबईकडे जातो. त्यावर दुचाकीला मनाई आहे. ज्याच्या वावरातून रस्ता गेला त्याची फटफटी त्यावर चालत नाही.

दुसरा प्रश्न विचारा, 'खेडे' म्हणजे कोण? एमएच ४० ही नागपूर ग्रामीणची नोंदणी. त्या पाटीची गाडी नरखेडच्या संत्रावाल्याची असू शकते, बुटीबोरीच्या कारखान्यातल्या कामगाराची असू शकते, वाळूच्या ठेकेदाराची, शिक्षकाची किंवा कृषिसेवा केंद्राच्या मालकाचीही असू शकते. यवतमाळची एमएच २९, अकोल्याची एमएच ३०, वर्ध्याची एमएच ३२, सगळीकडे तीच गत. आरटीओच्या कागदावर सातबारा लावत नाहीत. ओलिताचा आणि कोरडवाहूचा रकाना तिथे नसतो. पंजाबातल्या कालव्याखालच्या खेड्यात आणि पांढरकवड्याच्या बरड माळावर मिळून खप वाढला, तर बातमी एकच, 'ग्रामीण भारत तेजीत'.

ट्रॅक्टरचेही पाहा. २०२०-२१ हे टाळेबंदीचे वर्ष. मोटारी आणि दुचाक्या दोन्ही पडल्या, पण ट्रॅक्टर जवळपास ९ लाख खपले, तोपर्यंतचा विक्रम. टाळेबंदीतही शेती थांबली नाही याचा तो पुरावा. पण हिंगण्याच्या कारखान्यात तयार झालेला महिंद्राचा ट्रॅक्टर वावरात किती दिवस चालतो आणि विटा, मुरूम, वाळू वाहण्यात किती दिवस, हे विक्रीच्या आकड्यात नसते. आणि आपल्यातले बहुतेक कोरडवाहू शेतकरी ट्रॅक्टरचे मालक नाहीत, भाडे देणारे आहेत.

हिरवेपण म्हणजे बोंडे नव्हेत

पऱ्हाटीला युरिया दिला की आठ दिवसांत ती काळीभोर हिरवी दिसते. रस्त्याने जाणारा म्हणतो, "वा, यंदा पीक जोरात!" वावराचा मालक मात्र वाकून पाते, फुले, बोंडे मोजतो. नुसती वाढ झाली आणि पातेगळ लागली तर हिरवेपण घेऊन काय करायचे?

गाडीची खरेदी हे असेच हिरवेपण आहे. तो खर्च आहे, कमाई नाही. खर्च कमाईतून होतो तसाच कर्जातूनही होतो, आणि आकड्यात दोन्ही सारखेच दिसतात.

एक हिशेब मांडू. गाडीसाठी ७० हजारांचे कर्ज घेतले, दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, फक्त १२ टक्के, तीन वर्षांत फेडा." हे १२ टक्के सरळ पहिल्या मुद्दलावर, तिन्ही वर्षे. व्याज झाले २५ हजार २०० रुपये, हप्ता महिन्याला २ हजार ६४४. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जाते. शिल्लक मुद्दलावर व्याज धरले तर हा दर पडतो वर्षाला सुमारे २१ टक्के. सावकाराला आपण सावकार तरी म्हणतो! कापूस सात हजार रुपये क्विंटलने गेला, तर नुसत्या व्याजापोटी साडेतीन क्विंटलांहून जास्त कापूस गेला. शिवाय हप्ता पगारदाराच्या सोयीने महिन्याच्या महिन्याला. आपला पैसा येतो दिवाळीपासून होळीपर्यंत. पेरणीच्या जून-जुलैत, जेव्हा घरात दमडी नसते, तेव्हाही हप्ता तयार. दोन-तीन हप्ते चुकले की माणसे येतात आणि गाडी ओढून नेतात.

आता यातली गंमत पाहा. गाडी घेतली त्या दिवशी ती आकड्यात चढली. ओढून नेली त्या दिवशी आकड्यातून उतरली नाही. नड म्हणून शेतकऱ्याने ती अर्ध्या किमतीत विकली तरी नव्या गाड्यांच्या आकड्याला पत्ता नाही. हा आकडा चढणाऱ्याला मोजतो, पडणाऱ्याला मोजत नाही.

सुट्या भागांचेही तसेच. बरे वर्ष असले तर माणूस नवी गाडी घेतो. वाईट वर्षी जुनीच ढकलतो. टायर घासून गुळगुळीत होतात, चेन-स्प्रॉकेट बदलतो, क्लच प्लेट टाकतो, शेवटी इंजिनाचे बोअरिंग करतो. तालुक्याच्या गॅरेजात गर्दी होते, सुट्या भागांच्या दुकानाचा गल्ला वाढतो. राष्ट्रीय हिशेबात तोही लोकांचा वाढलेला खर्च. नड आणि भरभराट एकाच बेरजेत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट बैलाची. ज्वारी होती तेव्हा कडबा होता, कडबा होता तेव्हा गोठ्यात बैल होते. नांगरट, वखरणी, डवरण बैलांवर, बाजारहाट बंडीवर. त्यांचा चारा आपल्याच वावरातला, त्याचे बिल कुठल्या कंपनीकडे फाटत नव्हते आणि देशाच्या विक्रीच्या आकड्यात तो दिसत नव्हता. ज्वारीला भाव मिळेना, रानडुकरे आणि पाखरे पीक राहू देईनात, म्हणून ज्वारी गेली आणि सोयाबीन आले. सोयाबीनच्या कुटाराने कडब्याची भर निघत नाही. बैल गेले. आता नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर, बाजाराला फटफटी, दोन्हीला डिझेल-पेट्रोल, टायर, ऑइल. खर्च वाढला, म्हणून आकडा वाढला. माणूस होता तिथेच आहे, फक्त जे घरचे होते ते आता रोख पैसे मोजून घ्यावे लागते. याला प्रगती म्हणायचे तर म्हणा, पण कमाई म्हणू नका.

फटफटी ही चैन आहे असे आम्ही म्हणत नाही, कोणी म्हटले तर ऐकूनही घेऊ नका. एसटी दिवसातून दोनदा येते त्या गावात बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला, दुधाचा कॅन पोचवायला, बियाण्याची पिशवी आणायला फटफटीच लागते. ती औताइतकीच गरजेची आहे. औत असले म्हणून कोणी शेतकऱ्याला श्रीमंत म्हणत नाही.

आकडा पडला की कोण धावते?

हे सगळे आम्ही का सांगतो? सरकार आकडा पाहून हलते म्हणून. जे मोजले जाते त्यासाठी धावाधाव होते, जे मोजले जात नाही ते खितपत पडते.

जुलै २०१९ मध्ये मोटारींचा खप ३१ टक्क्यांनी पडला. वर्तमानपत्रांची पहिली पाने भरली. २३ ऑगस्टला केंद्रीय अर्थमंत्र्यांनी वाहन उद्योगासाठी सवलती जाहीर केल्या. नव्या गाड्यांवर जादा १५ टक्के घसारा, नोंदणी शुल्काची वाढ पुढे ढकलली, सरकारी खात्यांवरची नवी गाडी घेण्याची बंदी उठवली. महिना-दीड महिन्यात निर्णय. वाईट केले असे आम्ही म्हणत नाही, कारखान्यात आपलीच पोरे कामाला आहेत. पण कापसाचा भाव ३१ टक्क्यांनी पडला तर पुढच्या महिन्यात कोणी सवलती जाहीर केल्याचे आठवते का?

शेजारच्या मराठवाड्यातले उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) उद्योजक-व्यावसायिकांनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, किंमत ६५ कोटी. मागास मराठवाडा श्रीमंत झाल्याचे नगारे वाजले. त्यातले ४० कोटींहून जास्त स्टेट बँकेचे कर्ज होते, व्याज ७ टक्के. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वेळी दाखवून दिले की त्याच जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या कर्जावर शेतकऱ्याकडून जवळपास १६ टक्के घेतले होते. मर्सिडीजचा आकडा छापून आला, व्याजाचा आकडा शोधावा लागला.

आणि ताजी गोष्ट २०२५ ची. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले, कापड उद्योग अडचणीत आला. अडचण खरी होती. तिच्यावर उपाय म्हणून १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आपल्या वेचणीच्या ऐन हंगामात. एप्रिल २०२२ मध्येही भाव दहा हजारांच्या वर गेल्यावर हेच केले होते. लगेच २२ सप्टेंबरपासून दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५. रासायनिक कीटकनाशकांवरचा १८ टक्के तसाच राहिला. जीएसटी उतरणार हे १५ ऑगस्टलाच समजले होते, म्हणून महिनाभर लोक गाडी घ्यायचे थांबले होते. ती तुंबलेली गिऱ्हाइकी सणात फुटली. मग विक्रम झाला यात नवल ते काय?

आपण आपल्या घरचा हिशेब करू. ६२ हजार मूळ किमतीच्या गाडीवर दहा टक्के जीएसटी कमी झाला, वाचले ६ हजार २०० रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८ हजार ११०. ओलाव्याचे निमित्त सांगून खेडा खरेदीत तो सात हजारांनी गेला असे धरा. पंधरा क्विंटलवाल्याचे गेले १६ हजार ६५०. गाडीत वाचले सहा, कापसात गेले साडेसोळा. पहिला आकडा जाहिरातीत आला. दुसरा कोणाच्याच अहवालात नाही.

आपले माप आपण ठेवू

यावर उपाय एकच, आपले माप आपण ठेवायचे. आणि आपले माप क्विंटलचे. गाडी रस्त्यावर यायला ९० हजार लागतात असे धरा. हमीभावाने कापूस गेला तर अकरा क्विंटल, सात हजारांनी गेला तर जवळपास तेरा. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल पिकला तर दोन ते अडीच एकरांचे सगळे उत्पन्न, तेही बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचा खर्च न काढता. ज्वारीत मोजा, २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३ हजार ६९९, म्हणजे चोवीस क्विंटलांहून जास्त. घरात दहा, वीस, तीस वर्षांपूर्वीची गाडीची बिले आणि बाजार समितीच्या जुन्या पट्ट्या असतील तर काढा. तेव्हा किती क्विंटलांत गाडी येत होती, आज कितीत येते, ते लिहा. शेतकरी सुधारला की खंगला हे हा आकडा सांगेल.

तेव्हा येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. तिच्यात पाच गोष्टी लिहाव्यात. या वर्षी गावात नव्या गाड्या किती आल्या. त्यातल्या रोखीच्या किती, हप्त्याच्या किती. घेणाऱ्याची मुख्य कमाई शेतीची की पगाराची, ठेक्याची, शहरातल्या पोराच्या पैशाची. किती गाड्या ओढून नेल्या किंवा नडीने विकल्या. आणि गावात बैलजोड्या किती उरल्या. नावे लिहू नका, कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही. फक्त आकडे. आरटीओची नोंदणी 'वाहन' पोर्टलवर कोणालाही पाहता येते. ती जिल्ह्याची आम्ही काढून आणू आणि तुमच्या वहीशेजारी ठेवू.

पन्नास गावांच्या वह्या जमल्या तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे आणि बँकांच्या बैठकीत ठेवायला आपल्याकडे कागद असेल. हंगामाप्रमाणे हप्ता बांधून द्या, व्याज शिल्लक मुद्दलावर धरून सांगा, हमीभावाखाली खरेदी होऊ देऊ नका, या मागण्या त्या कागदावर उभ्या राहतील. आणि पुढच्या वेळी कोणी दारातल्या फटफटीकडे बोट दाखवले, तर त्याला घरात बोलावून ती वही दाखवा.